लाइट आली की

आत्मारामने एंटरवर बोट नेलं आणि परत मागे घेतलं.

"दाबा ना, बाबा," त्याची लेक विनिता म्हणाली. "आपले मेल साठतात ती कंपनीकडची बाहेरची पेटी आज संध्याकाळी बंद होतेय. मग दादाचं जे काय असेल ते गेलंच."

टीव्हीशेजारचा हा काळा डबा सिद्धेशने बोटीवर नोकरीला जाण्याआधी बसवला होता. घरचं टपाल घरच्याच डब्यात, हा त्याचा हट्ट! बोटीवरून फोन लागायचा नाही, सगळं मेलवर. दर पंधरा मिनिटांनी डबा आपला आपण मेल ओढून आणायचा. खोड एकच. आमच्या गास गावात लाइट गेली की गडी गप्प, मग कोणी एंटर दाबल्याशिवाय हलायचा नाही. 'लाइट आली की एवढं दाबा,' अशी चिठ्ठी सिद्धेशने त्यावर चिकटवली होती. आत्माराम ते न चुकता करी, तेही देवासमोर उभं राहावं तसं, चपला काढून.

मग गणपतीला येणाऱ्या सिद्धेशने तिकडे तीन महिने काम वाढवून घेतलं. त्याच आठवड्यात वादळात लाइट गेली, तासाभरात आली. आत्मारामने बटण दाबलं नाही. बसू दे बोंबलत, म्हणाला. एकोणीस दिवस रुसला म्हातारा! विसाव्या दिवशी कंपनीचा फोन आला. बोटीवर अपघात झाला होता, सिद्धेश गेला होता.

तेव्हापासून एकच गोष्ट त्याला जाळत होती. पोरगा माझ्यावर रागावून तर गेला नाय ना?

"तूच दाब गं," तो म्हणाला.

"नाही. तुम्हीच."

त्याने चपला काढल्या. दाबलं.

डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला. टीव्हीवर मेल एकामागून एक उतरू लागले, चांगले एकोणीस. विनिताने पहिला वाचला. "बाबा, रागावलात ना? आल्यावर दोन कानाखाली द्या, पण आता बोला."

मग तिने शेवटचा उघडला. तो मनातच वाचला.

"मोठ्याने वाच," आत्माराम म्हणाला.

"बाबा, तुम्ही इतके दिवस रुसून बसणारे नाही. मला माहीत आहे. तिकडे वादळ झालं म्हणे, खांब पडला असणार. अजून लाइट नाही? अंधारात कसे राहताय?"

आत्मारामने वर पाहिलं. भरदुपारी ट्यूब जळत होती.

"लाइट होती रे पोरा," तो डब्याला म्हणाला. "लाइट होती."