पाच नंबरचा दिवा

कुठलं लेथ मशीन चालू आणि कुठलं बंद, हे केबिनमध्ये बसूनच कळावं म्हणून पंचाहत्तर साली फोरमन लालासाहेबानं कुपवाडच्या कारखान्यात दिव्यांचा बोर्ड बसवून घेतला. पाच नंबरचा दिवा मात्र सारखा विझायचा.

"मोहिद्दीन, वायरिंग केलंस का पोरखेळ?"

वायरमन मोहिद्दीननं एकूण एक जोड तपासला. "वायरिंग ठीक हाय, साहेब. पाचवरचा केरबा लोखंडाचा चुरा काढायला मशीन थांबवतोय. चालत्या मशीनमदी गेल्या साली बोट गेलंय त्याचं."

"नऊ उरल्यात न्हवं? दिवा परत विझला तर तुमी दोघंबी घरी!"

मोहिद्दीननं दातओठ खात बोर्डामागं हात घातला, पाचच्या दिव्याची वायर मशीनपासून सोडवली आणि थेट मेन स्विचला जोडली. दिवा विझायचा थांबला. लालासाहेब केबिनबाहेर पडेनासाच झाला, आतनंच बाकीच्यांवर खेकसायचा, "केरबाकडं बघा जरा! दम दिला की माणूस सुधारतंय!"

आठवड्यानं केरबा केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. लालासाहेबानं पेटत्या दिव्याकडं बोट केलं.

"मशीन चालू सोडून हितं कशाला तडमडलास रं?"

"कसलं चालू, साहेब? पट्टा तुटून तीन दिस झालं. नवा कवा देताय?"