अंतरपाटाखालचे पाय

आठवणीचे फोटो काढणारी टोपी आजीच्या डोक्यावरून उतरेपर्यंत फोटो छापून बाहेर आला, आणि केतकीचा चेहराच पडला. आजी-आजोबांच्या लग्नाला फोटोग्राफर आलाच नव्हता, म्हणून लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिला बोहल्यावरचे तरुण आजोबा भेट द्यायचे होते. फोटोत मात्र अंतरपाटाखालून दिसणारे नुसते पाय होते.

"मान वर करायची सोय होती का तेव्हा?" आजी ओशाळून म्हणाली.

"चेहरा आम्ही जोडून देतो की," स्टुडिओवाला म्हणाला.

केतकीने पुन्हा निरखून पाहिलं. उजव्या अंगठ्याचं रक्त साकळलेलं नखसुद्धा आजीने जसंच्या तसं जपलं होतं. केतकीच्या फोनमध्ये हजारो फोटो होते, पण इतकं डोळे भरून तिने कुणाला पाहिलं नव्हतं.

"नको. असाच फ्रेम करा."

वाढदिवसाला फोटो बघून आजोबा चमकले. "मांडवात येताना ठेच लागली होती. कुणाला कळू दिलं नव्हतं मी!" मग नेहमीसारखे आजीला चिडवायला लागले, "आणि ही सप्तपदीला नुसती रेंगाळत होती. मनातच नव्हतं हिच्या!"

आजी पदराने फ्रेमची काच पुसत म्हणाली, "तुमचा अंगठा ठणकत होता ना, म्हणून हळू चालले."