संगणकातला ठोका

बाबांनी जाण्याआधी आपल्या हृदयाचे स्कॅन हौसेने आमच्या प्रकल्पाला दिले. "माझं हृदय तुझ्या हाती देतोय, पोरी. नापास करू नकोस," असं म्हणाले होते.

त्या स्कॅनवरून आम्ही महासंगणकावर हृदयाचं प्रारूप उभं केलं. त्याचा एक ठोका गणिताने घडवायला यंत्राला अख्खा दिवस लागायचा. पडताळणीसाठी आम्ही रोज तीच माहिती द्यायचो, म्हणजे ठोकाही रोज हुबेहूब तसाच यायला हवा. यायचाही. फक्त मी रजेवर असले की ते हृदय आवळायला उशीर करायचं.

"तुझी वाट बघत असेल," सोबतची ताई हसून म्हणाली. मग तिने गणित पुन्हा पुन्हा तपासलं आणि चेष्टा करणंच सोडलं.

आज प्रकल्प संपला. सर दारातूनच म्हणाले, "हवामानवाले मशीनसाठी खोळंबलेत. बंद कर बाई एकदाचं."

मी बंद करण्याची आज्ञा टाइप केली, एंटरवर बोट ठेवलं आणि उगाचच पुटपुटले, "येते हं, बाबा."

पडद्यावर हृदय रक्ताने भरून थांबलं होतं. ते आवळायला संध्याकाळ व्हायची होती.

ते आत्ताच आवळलं. लगेच पुन्हा. मग ठोके एकामागून एक घाईघाईने पडू लागले. निघालेल्या माणसाला दाराशी गाठायला कुणी जिना धावत उतरावा तसे.

"झालं का गं?" सरांनी विचारलं.

मी बोट उचललं, आणि ठोके हळूहळू शांत झाले.