मान मुरगळण्याआधी

धर्मपीठाच्या साधूने कोंबडी पायांना धरून म्हातारीपुढे केली आणि हसत म्हणाला, "आजीबाई, एवढी मान मुरगळून द्या. भूक लागलीय."

घर रिक्सेंदाचं होतं. ही सूत कातायला ठेवलेली लांबची मावशी, एवढंच तिने त्याला सांगितलं होतं. दारात दोन भालेवाले उभे होते. तुलूजच्या आसपास गावोगाव हीच परीक्षा चालली होती. पाखंडी पंथाचे दीक्षित मुंगीही मारत नाहीत, हे पोपच्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. जो कचरेल त्याला जिवंत जाळायचं, आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही.

मावशीचे हात कापतात, मीच मारते, असं म्हणत रिक्सेंदा लगबगीने पुढे झाली.

"तू नको," साधू म्हणाला. "तू मारशील, ते दिसतंच आहे."

फाब्रिसा मावशीने चाती खाली ठेवली. दीक्षा घेतल्यापासून तिने अंड्यालाही हात लावला नव्हता. तिने रिक्सेंदाकडे एकदा पाहिलं आणि कोंबडी मांडीवर घेतली. मान कुठे धरायची हेही बिचारीला कळेना. बोटं पिसांत चाचपडत राहिली. ही आपल्यासाठी करतेय, हे रिक्सेंदाला उमगलं, आणि खोटं कशाला बोला, तिला हायसं वाटलं.

मग तिला आलाइस आठवली. गेल्या हिवाळ्यात तापाने गेलेली तिची लेक. शेवटच्या घटकेला याच मावशीने डोक्यावर हात ठेवून पोरीला दीक्षा दिली होती, आणि पोरीचा आत्मा तरला होता. पण दीक्षा देणाराच पुढे पापात पडला, तर त्याने तारलेले सगळे जीव स्वर्गातून परत खाली कोसळतात. पंथातलं शेंबडं पोरही हे जाणत होतं.

मावशीच्या बोटांना मान सापडली.

"मावशी, सोडा तिला." रिक्सेंदा म्हणाली. "माझी आलाइस पोचलीय तिथे. तिला परत खाली आणू नका."

मावशीचे हात सैल पडले. भालेवाले आत आले.

"आणि तुझं काय, बाई?" साधूने हळूच विचारलं.

रिक्सेंदा मावशीपुढे गुडघ्यांवर बसली, डोक्याचं फडकं सोडलं आणि दीक्षेसाठी तिच्या हातांखाली मान घातली.