फुटक्या कानाचा मुखवटा

करोनाच्या हिवाळ्यात किलियनने मास्कविरुद्ध गाव डोक्यावर घेतलं होतं. "देवाने तोंड काय झाकून ठेवायला दिलंय?" असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. पण आल्प्समधल्या त्या गावात दुकान एकच, आणि तेही रेगुलामावशीचं.

"मास्क नाही, तर चीज नाही," मावशीने गल्ल्यावरूनच ठणकावलं.

"अहो मावशी, त्या फडक्यात जीव गुदमरतो माझा!"

"मग बाहेर जाऊन मोकळा श्वास घे. आणि जाताना दार लाव, थंडी येतेय."

रांगेतली माणसं मास्कआडून फिदीफिदी हसली. ते किलियनला फार झोंबलं. तणतणत तो घरी गेला आणि कार्निव्हलचा आपला लाकडी भुताचा मुखवटा चढवूनच परत आला. डोक्यावर बोकडाचे केस, जबड्यात गाईचे दात, एक कान फुटलेला.

"घ्या, झाकलं तोंड! आता द्या चीज!"

सगळं दुकान खो खो हसलं. मावशी मात्र हसली नाही. कार्निव्हलमध्ये मुखवट्याआड कोण आहे हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही, हा गावचा रिवाज. आणि दरवर्षी ऐन चर्चसमोर मावशीला उचलून बर्फात आपटणारं भूत हेच होतं, फुटक्या कानाचं.

मावशी उठली. तिने दाराला आतून कडी घातली आणि कोपऱ्यातला झाडू हातात घेतला.



"किलियन, काढ तो मास्क. मला तुझं तोंड बघायचंय."