ह्यांचा चष्मा

"दोघांत एक चष्मा चालतो ना हो?" असं विचारत प्रमिलाकाकूंनी नवऱ्याचा चष्मा नाकावर चढवला.

"पूर्वीचा चालला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हा माणसाची नजर शिकतो, काकू. काका ज्याकडे सारखं बघतात, ते हा आधी स्पष्ट करतो."

काकूंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. अक्षरं नुसती मुंग्यांसारखी वळवळली. खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडच्या मिठाईवाल्याची जिलबी मात्र दोन क्षणांत पाकाच्या थेंबासकट लख्ख दिसायला लागली.

"बघा! मेला सगळा डोळा गोडावर," काकू कडाडल्या. "साखर वाढली म्हणून घरात गोड बंद केलं, तर इथे नजरेनं खाताहेत. बायको नवी साडी नेसली तरी मान वर होत नाही ह्यांची!"

कोपऱ्यात बसलेल्या दिनकररावांनी, चष्म्याशिवाय एक अक्षर दिसत नसतानाही, वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

डॉक्टरीणबाईंनी हसत काकूंच्या हातात आरसा दिला.

आरशात मागचा तक्ता धूसर होता, खिडकीही धूसर होती. काकूंचा चेहरा मात्र हनुवटीवरच्या तिळासकट, भुवईतल्या एकुलत्या पांढऱ्या केसासकट स्वच्छ उमटला. जिलबीला लागला तेवढाही वेळ चष्म्याला लागला नाही.

काकूंनी पदरानं उगाच नाक पुसलं.

काकूंना स्वतःचा चष्मा मिळून महिना झाला, तेव्हा एका सकाळी दिनकररावांना आपला चष्मा सापडेना.

"तुझा दे गं जरा, पेपर वाचतो."

काकूंनी तो झटकन पदराआड लपवला. "मुळीच नाही! दुसऱ्याचा चष्मा वापरू नये, डॉक्टरांनी सांगितलंय."