तीन हिरवे ठिपके

"तीन मिनिटं," असं म्हणून पंच सी तिजानींनी घड्याळाचं बटण दाबलं.

इदर झुडपांत शिरला तो नुसता दाखवायला. आपला चेंडू सापडू नये म्हणून ज्याचा जीव टांगणीला लागलाय, तो माणूस शोधणार तरी काय! गोल्फच्या या सामन्यात शेवटच्या होलवर त्याचा पहिला फटका डावीकडं वळला आणि बुचाच्या झाडांत गडप झाला. नियमाप्रमाणं त्यानं तिथूनच दुसरा चेंडू मारून ठेवला. आणि तो कसा गेला म्हणता? सुतासारखा सरळ! या झाडांच्या जरा अलीकडं, मैदानाच्या मधोमध जाऊन पडला. पहिला तीन मिनिटांत मिळाला नाही, तर एका फटक्याचा दंड आणि हा दुसरा खरा. मिळाला, की हा सोन्यासारखा फटका गेला पाण्यात. मग काट्यांतून मारा, नाहीतर मागं जाऊन नव्यानं सुरुवात करा.

सहा फटक्यांत होल संपवला, तर वर्षभर व्यावसायिक स्पर्धांत खेळायचं कार्ड इदरला. सात लागले, की ते त्याच्याबरोबर खेळणाऱ्या जवादच्या खिशात. वय अडतीस, प्रयत्न तिसरा. हुकला तर पुन्हा सरावाच्या मैदानावर फ्रेंच पाहुण्यांना चेंडूंच्या बादल्या भरून द्यायच्या आणि "वा, मस्यू, काय फटका!" म्हणत दात काढायचे. त्या बादल्यांची त्याला आता शिसारी आली होती.

इदरचा चेंडू सापडावा म्हणूनच जवाद काठीनं काटे झोडपत होता. "तू काळजी करू नकोस, भाऊ! तुझा चेंडू सापडल्याशिवाय मी आज चहाला तोंड लावायचा नाही!"

"एवढी माया तर सासूसुद्धा करत नाही," मौहा पुटपुटला.

मौहा म्हणजे इदरचा थोरला भाऊ. बारा वर्षं त्याची काठ्यांची पिशवी तोच खांद्यावर वागवत होता. चेंडू ओळखू यावा म्हणून प्रत्येक खेळाडू त्यावर काहीतरी खूण करतो. इदरच्या चेंडूंवर मौहा रोज सकाळी मांडी घालून तीन हिरवे ठिपके काढायचा, गेलेल्या आईच्या हनुवटीवर गोंदलेले होते तसे. पेन कायम त्याच्या कानामागं खोचलेलं असायचं.

"एक मिनिट झालं."

इदरनं पाऊल पुढं टाकलं आणि बुटाखाली काहीतरी लागलं. टणक, गोल. दगड असेल, तो मनाशी म्हणाला. त्यानं हळूच बूट सरकवून खाली पाहिलं. कुजलेल्या पानांत, चिखलानं माखलेली एक पांढरी कड.

बोल, बोल की लेका, सापडला म्हण! पण बूटच होता तिथं परत आला. त्यानं हळूहळू सगळा भार त्या पायावर दिला.

"उभा काय राहिलास? मुळं फुटली का?" जवाद ओरडला.

"इथलं बघून झालं माझं," इदर म्हणाला. हे अगदीच खोटं नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

मौहानं मान वर केली. त्याची नजर इदरच्या बुटावर गेली, मग चेहऱ्यावर. जिथं काही हरवलं नव्हतं, त्या झुडपाच्या फांद्या तो बाजूला करत राहिला.

"दोन मिनिटं."

जवाद आता इदरच्याच दिशेनं येत होता. काठीचं टोक पानं उकरत उकरत बुटापासून वीतभर अंतरावर आलं. "सरक जरा. इथं ढीग आहे पानांचा."

"पायाच पडतोस की काय आता माझ्या?" इदर हसला. ते हसणं त्याला स्वतःलाच ओळखू आलं नाही. पाय मात्र हलला नाही.

"वेळ संपली," सी तिजानी म्हणाले. "पहिला चेंडू हरवला. दुसरा खेळा."

जवादनं काठी आपटली आणि तो पाय आपटत बाहेर गेला. पंचही गेले. झाडाखाली दोघे भाऊ उरले.

"पाय उचल," मौहा म्हणाला.

इदरनं उचलला. मौहानं वाकून तो चिखलाचा गोळा उपसला आणि न बघताच खिशात टाकला.

"दादा, मी..."

"आधी खेळ."

तो खेळला. कसा खेळला ते त्याचं त्याला ठाऊक. चौथा फटका खड्ड्याजवळच्या हिरवळीवर पडला, पाचवा टीचभर अलीकडं थांबला, सहावा आत. टाळ्या झाल्या, सी तिजानींनी गालाला गाल लावले, जवाद "नशीब काढलंस" म्हणून हात मिळवून गेला. इदर सगळ्यांना हो हो म्हणत होता. लक्ष मात्र भावाच्या खिशाकडं.

गर्दी पांगल्यावर मौहानं चेंडू काढला आणि पिशवीला अडकवलेल्या ओल्या टॉवेलनं पुसायला घेतला. चिखल निघाला. खाली जुनापाना, पिवळा पडलेला चेंडू. त्यावर कुणीतरी कधीकाळी लाल फुली मारलेली. ठिपका एकही नाही.

इदर मटकन खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी. "दादा, माझा नाहीच हा! बघ ना, माझा नाही! म्हणजे मी काहीच केलं नाही!"

"तुझा नव्हता, खरं आहे," मौहा म्हणाला. "पण पाय ठेवलास तेव्हा तुला कुठं माहीत होतं?"

त्यानं पिशवी नेहमीसारखीच खांद्यावर घेतली. मग कानामागचं हिरवं पेन काढून इदरच्या तळहातावर ठेवलं.

"उद्यापासून ठिपके तुझे तू काढ."